मैदानाकडे पाठ

वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले. नॉर्मनला, म्हणजे ओक्लाहोमा राज्यातल्या आमच्या विद्यापीठाच्या गावी, फेब्रुवारी ते मे मी मुलींच्या सॉफ्टबॉल स्टेडियमवर अशरचं काम करते, असं. अशर म्हणजे तिकीट बघून जागा दाखवणारी, जिन्यात थांबणाऱ्यांना हलवणारी बाई. काम अर्धवेळ, पाय पूर्णवेळ दुखतात. पत्रांत बाकी कशाबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही, सगळे त्या वाक्याच्या मागे लागलेत. तेव्हा व्हिसा, सासू आणि लोणच्याची बरणी विमानात कशी न्यावी हे प्रश्न पुढच्या महिन्यात घेईन.

प्रश्न : मावशी, मोबाईलवर तुमच्या मुलींचा एक सामना पाहिला. लोक कुंपणाला चिकटून उभे होते. तुमच्याच विद्यापीठाचं ऐंशी हजारांचं फुटबॉल स्टेडियम रिकामं पडलेलं असताना मुलींना चार हजारांच्या जागेत खेळवतात. हा सरळसरळ भेदभाव नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नवी आले तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. पण आधी जरा फूटपट्टी काढू या. अमेरिकी फुटबॉलचं मैदान 360 फूट लांब आणि 160 फूट रुंद असतं. सॉफ्टबॉलचं मैदान म्हणजे उघडलेला जपानी पंखा. होम प्लेटपासून, म्हणजे बॅट घेतलेली मुलगी उभी राहते त्या जागेपासून, दोन्ही कडांच्या कुंपणापर्यंत साधारण 200 फूट, मधोमध 220च्या आसपास. हा पंखा 160 फुटांच्या पट्टीत उघडतच नाही, एक कड थेट प्रेक्षकांच्या मांडीवर जाते. त्यात बेस, म्हणजे धावणारीनं गाठायचे टप्पे, त्यांच्या भोवती गवत चालत नाही, माती लागते. आमच्या गावात फुटबॉलची हिरवळ उकरायची भाषा करून बघा, संध्याकाळपर्यंत तुमचं सामान रस्त्यावर असेल.

समजा कसाबसा बसवलाच. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, उभी असते होम प्लेटपासून 43 फुटांवर. दारापासून रस्त्यावरच्या नळापर्यंत जेवढं अंतर, जवळपास तेवढंच. तिथून ती हात खालून गरकन फिरवून चेंडू सोडते आणि चांगल्या पिचरचा चेंडू ताशी 70 मैलांपर्यंत जातो. बॅट हातात असलेल्या मुलीला तो दिसून, ओळखून, मारायचा की सोडायचा हे ठरवायला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. बेसचं अंतर 60 फूट. शॉर्टस्टॉपनं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या मुलीनं, जमिनीवरचा चेंडू उचलताना एकदा चाचपडलं की धावणारी पोहोचलीच. असल्या खेळात सगळं काही मनगटात, खांद्यात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात घडतं. फुटबॉलच्या वरच्या मजल्यावरून तुम्हाला पिवळा ठिपका दिसेल, तोही दिसला तर.

आमच्याकडे तिसऱ्या रांगेत बसलात तर चेंडू सोडताना पिचरच्या तोंडून निघणारा हुंकार ऐकू येतो. कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे बॅटरमागे चेंडू धरणारीच्या हातमोज्यात, चेंडू बसला की जो आवाज होतो त्याला मराठीत शब्द शोधत मी बरीच वर्षं घालवली. ओल्या चादरीचा झटका आणि बंद होणारी ट्रंक यांच्या मधला कुठला तरी आहे. आणि डगआऊटमधल्या, म्हणजे पाळीची वाट बघत कडेला बसलेल्या, मुली गप्प म्हणून बसत नाहीत. प्रत्येक बॅटरसाठी वेगळं गाणं, वेगळा ताल, पाण्याच्या बाटल्या कठड्यावर आपटून. मुलांच्या बेसबॉलमध्ये हे नाही. तिथे डगआऊटमध्ये तोंडात सूर्यफुलाच्या बिया आणि चेहऱ्यावर वैराग्य. बिया आमच्या मुलीही खातात, पण गाता गाता.

आमचं लव्ह्ज फील्ड मार्च 2024 मध्ये उघडलं, 4,200 माणसांचं. विद्यापीठाच्या आवारातलं एवढं मोठं सॉफ्टबॉल स्टेडियम तोवर देशात नव्हतं. त्याआधी हा मान अलाबामा विद्यापीठाच्या ऱ्होड्स स्टेडियमचा, टस्कालूसा गावात, 3,940 जागांचा. तेव्हा 4,200 हा आकडा तुम्हाला चिमूटभर वाटला तरी या खेळात तो डोंगर आहे.

भेदभाव म्हणाल तर तो होता, फक्त वेगळ्या जागी. मुलांच्या बेसबॉलची कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा, 1947 पासून आहे. मुलींच्या सॉफ्टबॉलची तशीच स्पर्धा एनसीएएनं, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं, सुरू केली 1982 साली, पहिली जिंकली यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठानं. मधली पस्तीस वर्षं मोजा. 1972 चा टायटल नाइन कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा फरक करता येईना, तेव्हा कुठे विद्यापीठांना मुलींसाठी मैदानं आखावी लागली. आखली तीही आधी जिथे जागा उरली होती तिथे. त्याबद्दल खाली लिहितेच आहे.

प्रश्न : शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले. चेंडू गुडघ्यावर बसला तो व्रण अजून आहे. याला सॉफ्ट कोण म्हणालं? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : ज्याला तो लागला नव्हता त्यानं! पहिला चेंडू मात्र खरंच मऊ होता. 1887 च्या थँक्सगिव्हिंगला शिकागोतल्या फॅरागट बोट क्लबमध्ये मंडळी हार्वर्ड-येलच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. निकाल आला, एकानं आनंदात मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला, दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थानं तोच मोजा दोरीनं आवळून त्याचा चेंडू केला, खोलीत रेघा आखल्या आणि खेळ मांडला. सॉफ्टबॉल हे नाव बऱ्याच वर्षांनी, 1926 मध्ये, मिळालं. आजचा चेंडू 12 इंच घेराचा, भडक पिवळा आणि तुमच्या गुडघ्याला माहीत आहे तेवढा कडक. मला त्या गोष्टीत एवढंच आवडतं की हा खेळ छपराखाली, दाटीवाटीत जन्मला. लांबून बघायची सोय त्यात पहिल्यापासूनच नव्हती.

प्रश्न : राग मानू नका, पण ही गर्दी खेळाची नाही, जिंकण्याची आहे. ओक्लाहोमाच्या मुली हरायला लागू द्या, बाकं रिकामी होतील. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : राग कसला? अर्धं तुमचं खरंच आहे. या संघानं 2021, 22, 23 आणि 24 असं लागोपाठ चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तसं आधी कुणीच केलं नव्हतं. 2023 चा हंगाम तर 61 विजय आणि एक पराभव असा संपला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मिळून सलग 71 सामने जिंकले. असल्या संघाला गर्दी झाली नसती तरच नवल होतं.

पण मी या गावात 1996 मध्ये आले. आमचे हे विद्यापीठात नोकरीला लागले, मी घरात, मूल चार वर्षांचं. संध्याकाळी त्याला घेऊन रीव्ह्ज पार्कमध्ये जायची. ती गावची बाग. झोपाळे, घसरगुंडी, सहलीची बाकं आणि पलीकडे चेंडूफळीची मैदानं. त्यातल्या एका मैदानावर विद्यापीठाच्या मुलींचा सामना चाललेला असायचा. हो, विद्यापीठाचा संघ, गावच्या बागेत. तिकीट नाही, दार नाही. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणायचे. आमचा मुलगा कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून बघत राहायचा आणि मी त्याला वरणभात भरवायची. सामना संपायच्या आधीच ऑफिस सुटलेली पुरुषमंडळी बॅटा खांद्यावर टाकून येऊन थांबायची, कारण पुढची वेळ त्यांच्या हौशी सामन्याची असायची. पॅटी गॅसो त्याच्या एखाददोन वर्षं आधी प्रशिक्षक म्हणून आल्या होत्या. आजही त्याच आहेत.

एकदा तिथे मी मोठा पराक्रम केला होता. चेंडू उंच गेला, माझ्या तोंडून क्रिकेटच्या सवयीनं मराठीतच जोरात निघालं, ‘‘धर, धर गं!’’ आणि पलीकडच्या संघाच्या मुलीनं तो नेमका धरला. आमची बाद झाली. माझ्या पुढे खुर्चीत एक गृहस्थ मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसले होते. त्यांनी वळून विचारलं, ‘‘तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’’ मी म्हटलं, झेल घेणाऱ्याच्या. ते हसले आणि मला शेजारी बसवून स्कोअर लिहायला शिकवलं. स्ट्राइक म्हणजे मारण्याजोगा चेंडू हुकणं किंवा सोडणं. तीन झाल्या की बाद, तीच स्ट्राइकआऊट. ती झाली की के लिहायचा. बॅटरनं बॅट न हलवता नुसतं बघत राहून तिसरी स्ट्राइक घेतली तर के उलटा लिहायचा, आरशातल्यासारखा. मला तो उलटा के फार आवडला. संसारात कितीदा काढावा लागतो.

1998 मध्ये संघाला स्वतःचं मैदान मिळालं, मरिटा हाइन्झ फील्ड. या हाइन्झबाई संघाच्या जुन्या प्रशिक्षक. जागा दीडेक हजार असतील. दोन वर्षांनी, 2000 मध्ये, संघ पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला, तोही अंतिम सामन्यात यूसीएलएला हरवून. आणि त्यानंतर, साहेब, पुढचं विजेतेपद यायला 2013 उजाडलं. मधल्या बारा-तेरा वर्षांत बाकं रिकामी झाली का? नाही. भरगच्च होती असंही नाही. पण स्कोअरबुकवाले होते, त्यांच्या मागची शिक्षिका होती, कोपऱ्यात तीन पिढ्या होत्या, आजी, आई आणि मुलगी. 2012 मध्ये अंतिम फेरीत अलाबामानं हरवलं, तिसरा सामना पावसात 5-4 असा गेला. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, बोचऱ्या थंडीत, ही सगळी मंडळी ब्लँकेटं घेऊन हजर. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ती ब्लँकेटं आहेत.

जिंकण्यानं आली ती बाकीची अडीच हजार. त्यांनाही मी कमी लेखत नाही. जोसलिन आलो ही मूळची हवाईची मुलगी आमच्याकडून खेळत होती. 2022 मध्ये तिचे 95 होमरन, म्हणजे थेट कुंपणापार टोले, झाले, विक्रमाशी बरोबरी. तो जुना विक्रमही आमच्याच लॉरेन चेंबरलेनचा. आता 96वा बघायला गाव लोटलं. आणि समोरचे संघ तिला मारण्याजोगा चेंडूच देईनात! मुद्दाम चार बॉल बाहेर टाकायचे, तिला चालत पहिल्या बेसवर पाठवायचं. आपल्या पोरीला फुकटचा बेस मिळतोय आणि प्रेक्षक चिडून ओरडतायत, असा उलटा न्याय. शेवटी 96वा मारला गेला तो होनोलुलूत, तिच्या स्वतःच्या माणसांसमोर. आमचे लोक इथे हळहळले आणि मग म्हणाले, बरंच झालं. पुढे तिनं 122 पर्यंत नेला आकडा. माझ्या मते आमच्या गर्दीला खेळ कळायला लागला तो त्या महिन्यात. होमरन बघायला आलेली माणसं चार-चार दिवस चार-चार बॉल मोजत बसली, आणि मोजता मोजता त्यांना पिचरच्या हातातलं काहीबाही दिसायला लागलं.

आता नवं स्टेडियम. बांधायला सुमारे 4 कोटी 80 लाख डॉलर लागले, त्यातले 1 कोटी 20 लाख ज्यांच्या नावानं ते ओळखलं जातं त्या पेट्रोलपंपवाल्यांचे. खुर्च्यांना पाठी आहेत. पाठ असलेली खुर्ची माणसाला पन्नाशीनंतर कळते. फक्त जुन्या बाकड्यावर जे पंचवीस वर्षं शेजारी होते ते आता चार दिशांना विखुरलेत. स्कोअरबुकवाले माझ्या भागात आले, शिक्षिका पार पहिल्या बेसकडे. दोघं आता इनिंगच्या मध्ये उभे राहून एकमेकांना बोटांनी आकडे दाखवतात. दोघांच्या वह्या जुळल्या की अंगठा. नाही जुळल्या तर मला निरोप्या म्हणून पाठवतात, आणि मी जिन्यात कुणाला थांबू देत नाही ती स्वतःच जिन्यानं पळत सुटते.

2025 मध्ये आमचं लागोपाठ पाचवं विजेतेपद हुकलं. उपांत्य फेरीत टेक्सास टेक विद्यापीठानं 3-2 असं घरी पाठवलं. बाकं रिकामी झाली का, हे मी तुम्हाला डोळ्यांनी बघून सांगत राहीनच.

प्रश्न : म्हणजे तुम्ही सबंध सामना मैदानाकडे पाठ करून उभ्या असता? मग तुम्ही बघता काय? (एक वाचक, दादर)

उत्तर : तोंडं बघते. पहिल्या वर्षी फार जड गेलं. मागे टोल बसल्याचा आवाज येतो, समोर चारशे माणसं उठून उभी राहतात आणि आपण शहाण्यासारखं जिन्याकडे लक्ष ठेवायचं! मान वळली की पर्यवेक्षकाचा डोळा असतोच. पण आता सवय अशी झालीय की मागे काय झालं ते पुढच्या चेहऱ्यांवरून सांगते. चेंडू वर गेला की हनुवट्या वर जातात. हनुवट्या वर जाऊन तिथेच थांबल्या तर झेल आहे. वर जाऊन मागे झुकत गेल्या तर चेंडू कुंपणाकडे चाललाय. फाऊल, म्हणजे कडेच्या रेघेबाहेर गेलेला टोला, असेल तर सगळ्या माना एकदम कडेला वळतात आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण माझ्याच भागात येणार. जाळीच्या पलीकडे जो भाग उघडा असतो तिथे बसणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, पोराचा फोटो काढायचाय तर इनिंगच्या मध्ये काढा. पिवळा चेंडू सुंदर दिसतो, येतो मात्र फार लवकर.

लहान मुलींचे चेहरे सगळ्यात अचूक. त्या येतात टोळीनं, आपापल्या गावच्या संघाचे शर्ट घालून, वेणीत नखरेल रिबिनी, डोळ्यांखाली खेळाडूंसारख्या काळ्या पट्ट्या, त्यावर चमकी. एकदा पाचव्या रांगेतली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मी सबंध इनिंगभर पाहिली. तिच्या मांडीवर नाचोज, चीज वितळून बोटांवर आलेलं. तिचा उजवा हात चिप्सकडे जात नव्हता. पिचरनं चेंडू सोडला की या बाईसाहेबांचं मनगट मांडीजवळ हळूच टिचकीसारखं फिरायचं. पिचरचा चेंडू खाली पडणार असेल तर खाली, वर उसळणार असेल तर वर. ती बघत नव्हती, टाकत होती. शेवटी चीज गुडघ्यावर सांडलं, आई ओरडली, आणि नेमकी तेव्हाच मागे तिसरी स्ट्राइक पडली असावी, कारण पोरगी चीजसकट उभी राहिली.

एकदा मात्र या सवयीनं मला फसवलं. 2025 ची अंतिम फेरी बघायला मी ओक्लाहोमा सिटीत डेव्हन पार्कला गेले होते, तिकीट काढून, बसायला. हे मोठं स्टेडियम, तेरा हजारांच्या आसपास माणसं मावतात. 1990 पासून, एक वर्ष वगळता, मुलींची कॉलेज वर्ल्ड सिरीज याच शहरात होते. आमच्या घरून मोटारीनं अर्धा-पाऊण तास. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सॉफ्टबॉलही तिथून इतक्या लांब इथेच खेळवणार आहेत, यावरून काय ते समजा.

टेक्सास विद्यापीठ विरुद्ध टेक्सास टेक, पहिला सामना. सहावी इनिंग, टेक 1-0 नं पुढे. पिचर नायजारी कॅनडी, जिच्याशी दहा लाख डॉलरांहून जास्तीचा करार झाल्याची बातमी सगळीकडे गाजली होती ती. समोर टेक्सासची रीस ॲटवुड, बेसवर दोघी. टेकनं ठरवलं, हिला मारू द्यायचंच नाही, चार बॉल बाहेर टाकून चालत पाठवायचं. आता या वेळात कुणी मैदानाकडे बघत नाही. मीही सवयीनं गर्दीकडे वळले. कुणी फोन काढला होता, एक गृहस्थ शेंगा सोलत होते, शेजारच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. तेवढ्यात मागून टणकन आवाज! गृहस्थांच्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडी. मी वळेपर्यंत दोघी घरी पोहोचल्या होत्या. बाहेर टाकायचा चेंडू प्लेटच्या जरा जास्तच जवळून गेला आणि ॲटवुडनं हात लांबवून तो डावीकडे टोलवला. टेक्सास 2-1 नं जिंकलं, पुढे मालिकाही. तिसरा सामना दूरदर्शनवर वीस लाखांहून जास्त लोकांनी पाहिला म्हणे. मी पहिला प्रत्यक्ष हजर राहून नाही पाहिला.

स्कोअरबुकवाल्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, हे वहीत लिहायचं कसं? ते म्हणाले, इतर कुठल्याही हिटसारखंच, वहीत गंमत लिहायला जागा नसते. नॉर्मनच्या माणसानं टेक्सासचं कौतुक करायचं नसतं, पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांनीही केलं होतं.

प्रश्न : भांडणं, मारामाऱ्या? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : छे. आजोबा-आजी, आईबाप, नातवंडं. पंचाला ऐकवतात, पण पंच तीस फुटांवर असतो आणि त्याला चेहरा दिसतो, त्यामुळे भाषा जपून. एक बाजू ‘बूमर’ ओरडते, दुसरी ‘सूनर’, ही आमच्याच विद्यापीठाची घोषणा. चार हजार माणसांचा तो हुंकार छातीत जाणवतो.

प्रश्न : मुलगी या ऑगस्टमध्ये तुमच्या विद्यापीठात येतेय. खेळातलं तिला ओ की ठो कळत नाही. एकटीनं सामन्याला गेली तर चालेल का? बरोबर काय न्यावं? (एक आई, नाशिक)

उत्तर : जरूर जाऊ दे. या गावात माणसं जोडायला इतकी सोपी जागा दुसरी नाही. सामना सात इनिंगचा, दोन-अडीच तासांत मोकळी. पाच इनिंग झाल्यावर एक संघ आठ धावांनी पुढे असला तर तिथेच संपवतात, आणि आमच्याकडे असं वरचेवर होतं. म्हणून तिला सांगा, खायचं ते आधी घे. चौथ्या इनिंगला नाचोजच्या रांगेत उभे राहिलेले लोक परत येतात तेव्हा मुली हस्तांदोलन करत असतात.

पिशवी पारदर्शक लागते. नेहमीची झोळी घेऊन आली तर दारातून परत मोटारीकडे जावं लागेल, आणि मोटार असेल लांब. फेब्रुवारीत ब्लँकेट, मेमध्ये टोपी, वारा बारा महिने. आमचा वारा असा की बाहेर जाणारा होमरन आत आणून टाकतो. आणि आकाशाची खोड सांगून ठेवते. वीज जवळ चमकली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेनंतर तीस मिनिटं जाईपर्यंत सुरू होत नाही. एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा चमकली की घड्याळ परत शून्यावर. अशा वेळी मी माणसांना आत घ्यायला लागले की निमूट आत जायचं. देशभरच्या वादळांचा अंदाज सांगणारं केंद्र आमच्याच गावात आहे, त्यामुळे इथला प्रत्येक जण स्वतःला हवामानतज्ज्ञ समजतो आणि ‘अजून दहा मिनिटं आहेत’ म्हणून बसून राहतो. तिनं त्यांचं ऐकायचं नाही.

शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजला तर घाबरायचं नाही. ती टॉर्नेडोच्या इशाऱ्याची साप्ताहिक चाचणी असते. नवी माणसं खुर्चीखाली शिरतात, जुनी माणसं घड्याळ लावून घेतात. शनिवारी बाराला आकाश काळं असेल तेव्हा मात्र चाचणी घेत नाहीत. तेव्हा वाजला तर तो खरा.

मी तिसऱ्या बेसच्या बाजूला असते. मैदानाकडे पाठ करून उभी असलेली, केस पांढरे झालेली बुटकी बाई दिसली की मराठीत हाक मार म्हणावं. जागा मी दाखवीन. स्कोअर तिनं मला सांगायचा.